भुवयांच्या मधली जागा

ज्या शेडमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. भांडणं नव्हती, फक्त ऐकू येत नसे. सिंथेटिक धागा तापवून त्याला पीळ आणि फुगवटा देणारी लांबच लांब मशिनं होती. ती सगळी एकदम चालली की आवाज कानात न शिरता थेट छातीत शिरायचा. कानात घालायला बोळे दिले होते, ते बहुतेकांच्या खिशात असत. ओरडून सांगावं तर नुसतं तोंड हललेलं दिसे, हाताने सांगावं तर दोन्ही हातांत धागा गुंडाळलेल्या बॉबिन. मग उरला चेहरा, आणि आमच्या शेडचं सगळं काम चेहऱ्यावर चालायचं.

भुवया उचलल्या की "करू का?" ओठांचा चंबू ज्या बाजूला वळला तिकडे काहीतरी बिघडलंय. गाल फुगवले की साहेब येताहेत, कारण आमचे मॅनेजर अंगाने चांगले भरलेले होते. आणि कपाळाला आठी घातली की थांब. ही शेवटची खूण माझी. मी शिफ्टचा सुपरवायझर, दोन मशिनांच्या मधल्या गल्लीत उभा. टोकाला बटणांपाशी जो माणूस असे त्याला मशीनच्या आत कोण वाकलंय ते दिसत नसे. मला दोघंही दिसत. रोलरला धागा लपेटला की ऑपरेटर आत हात घालून तो कापून काढी, तेवढा वेळ मशीन बंद. मग बटणाजवळचा माझ्याकडे बघून भुवया उचली. आत अजून हात असला तर मी आठी घालत असे. आठी नसली की तो बटण दाबी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. नवा माणूस लागला की जुने त्याला चहाला बाहेर नेऊन एवढंच सांगत, मास्तरच्या कपाळाकडे बघत जा.

मी सिल्वासाला आलो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, धुळे जिल्ह्यातून. करात सवलत म्हणून कारखाने येत होते आणि कारखाने म्हणून आम्ही. शेडमध्ये खानदेशातले बरेच, काही नाशिकच्या बाजूचे, काही इथले वारली, पुढे पुढे उत्तरेकडचे. कुणी अहिराणी बोले, कुणी गुजराती, कुणी हिंदी, आणि मॅनेजरसाहेब तिन्हींची खिचडी. चहाच्या टपरीवर एकमेकांच्या बोलण्याची यथेच्छ टवाळी चाले. आत गेलं की भाषा संपली, आणि माझी आठी मात्र सगळ्यांना कळायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ती आठी रागाची नव्हती हे इथेच सांगून टाकतो. धाग्यातला एखादा तंतू तुटला तर तो उजेडाच्या विरुद्ध धरून बघावा लागतो, आणि तो केसाहून बारीक असतो. वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून तेच बघत राहिल्यामुळे भुवयांच्या मध्ये दोन उभ्या घड्या पडल्या होत्या. सकाळी झोपेतून उठून आरशात बघितलं तरी त्या हजर; मुद्दाम आठी घातली की त्या दुप्पट खोल होत, आणि तो फरक शेडमध्ये सगळ्यांना कळे. बायको म्हणायची, "तुमना कपायवर सदानकदा बारा वाजेल शेतस." मी म्हणायचो, "पगार त्याचाच मिळतो."

टोकरखाड्याला एका कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. मुलगी एकुलती एक. शाळेतून आली की ती बाहेरच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबे, माझ्याकडे बघे आणि मुकाट्याने आईकडे आत जाई. काही हवं असलं तर ते आईला सांगे आणि आई मला सांगे. मी समजून चाललो होतो की पोर अबोल आहे. माझी आईही अबोल होती, तिच्यावर गेली असेल. जिन्यात गुजराती मैत्रिणींबरोबर तिचं खिदळणं कधीकधी ऐकू यायचं, पण शेडमधून आल्यावर माझ्या कानांना सगळंच लांबून आल्यासारखं वाटायचं, त्यामुळे मी त्यावर विचार केला नाही.

नव्वदचं दशक अर्धं उलटून गेल्यावर केव्हातरी माझे डोळे मिटायला लागले.

सुरुवातीला नुसती पापण्यांची उघडझाप. धुरळा गेला असेल म्हणून मी पाणी मारायचो. मग ट्यूबलाइटकडे बघितलं की डोळे घट्ट आवळले जायचे आणि उघडता उघडत नसत. नजर चांगली होती, पापणीच्या आड मी जागा होतो, पण दार आतून कुणीतरी दाबून धरलेलं. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एका बाईचा नवरा एकदा गेटवर येऊन उभा राहिला. मी तिला डोळा मारतो असं त्याच्या कानावर गेलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांनी त्यालाही मारला. तो गोंधळून निघून गेला. बायकोने मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले, मग दुसरे थेंब दिले, मग म्हणाले की मनावर ताण घेऊ नका. काळा चष्मा लावून शेडमध्ये उभं राहावं तर तुटका तंतू कसा दिसणार?

एक युक्ती मला आपोआप सापडली. गुणगुणलं की डोळे थोडे उघडायचे. का ते कधी कळलं नाही. मग मी गल्लीत उभा राहून येतील तेवढ्या आरत्या मोठमोठ्याने म्हणायचो. त्या आवाजात मलाच ऐकू येत नव्हत्या, दुसऱ्याला काय येणार. पण आरत्यांनीही किती दिवस काढायचे? एकदा मॅनेजरसाहेब समोर येऊन उभे राहिले तरी मला दिसले नाहीत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"देखो मास्तर," ते म्हणाले, "गल्लीमां आंधळा माणस नहीं चलेगा. आँख ठीक करके आओ. जगह तुम्हारी है."

जगह तुम्हारी है, हे ते म्हणाले खरं. पण माझ्या गल्लीत उभं राहायला टपलेले दोघंतिघं होते आणि ते मला ठाऊक होतं. ती जागा गेली तर कारखान्यात दुसरं काम मिळालं असतं, उपाशी कुणी मेलं नसतं. पण त्या गल्लीत मी कुणीतरी होतो. बाकी सगळीकडे मी खानदेशातून आलेला एक माणूस होतो.

वापीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला सरळ. त्यांनी मला दोन मिनिटं नुसतं न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. डोळे मिटणाऱ्या स्नायूंना नको तेवढे हुकूम जाताहेत. ते पोचू द्यायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात आहे."

औषध काय, असं विचारलं तेव्हा त्यांनी न लपवता सांगितलं. हवाबंद डब्यातलं अन्न बिघडलं की त्यात कधीकधी एक जंतू वाढतो आणि तो विष तयार करतो. ते विष पोटात गेलं तर माणसाच्या अंगातली एकेक शक्ती जाते, गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही. त्याच विषाचा अगदी सूक्ष्म अंश, शुद्ध केलेला, त्या माझ्या डोळ्यांभोवती टोचणार होत्या. शेजारच्या खुर्चीवरची बायको उठून उभी राहिली. मला तिचा हात धरून तिला बसवावं लागलं.

"स्नायूला आवळायचं असतं तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं," बाई म्हणाल्या. "ते स्नायूपर्यंत पोचलं की तो आवळतो. हे औषध त्या टोकात शिरतं आणि रसायन सुटूच देत नाही. मज्जातंतू मरत नाही, स्नायूही मरत नाही. मधला निरोप तेवढा थांबतो."

मोटर चांगली, वायर चांगली, बटण दाबलं जात नाही. मला ते चटकन समजलं.

"आणि हे कायमचं?" मी विचारलं.

"नाही. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू सावरतो, निरोप पुन्हा जायला लागतो. मग परत टोचायचं. म्हणून तर याची भीती कमी. काही चुकलं तरी ते उतरतं."

चुकलं म्हणजे काय, हे बायकोने विचारलं. माझी हिंमत झाली नव्हती. सुई टोचली तिथे काळंनिळं पडेल, डोळे कोरडे होतील, औषध जरा बाजूला सरकलं तर पापणी खाली येईल, एकाचे दोन दिसतील. हे सगळं काही आठवड्यांत जातं, असं बाई म्हणाल्या. ज्याला आधीच स्नायू दुबळे पडण्याचा आजार आहे त्याला त्या देत नसत, गरोदर बाईला देत नसत. "जाणत्या हाताने, मोजून, योग्य जागी दिलं तर सुरक्षित. भलत्या हाताने, भलतं जास्त दिलं तर खेळ नाही. घरी गेल्यावर गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं तर थांबायचं नाही, जवळच्या इस्पितळात जायचं." तेवढं बोलून त्यांनी माझ्या कपाळाला बोट लावलं. "इथे भुवयांच्या मध्येही देईन. आठी घालणारा हा स्नायू डोळे आवळताना त्यांना साथ देतो. तुमच्या या घड्याही जातील. परदेशात बायका आता नुसत्या घड्या घालवायला हे घेतात. डोळ्यांसाठी आलेल्या पेशंटांची कपाळं गुळगुळीत झाली, तेव्हा डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. आपल्याकडेही विचारणारे यायला लागलेत."

मी मोठ्याने हसलो. विष टोचून घ्यायचं आणि ते सुरकुत्यांसाठी! रिकामटेकड्यांना दुसरं काम नसतं, असं काहीतरी मी बोललो. बाई हसल्या नाहीत. "ज्याची त्याची गरज," म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली.

तारीख अशासाठी, की एका बाटलीत बऱ्याच जणांपुरतं औषध असे आणि ते कालवलं की लवकर वापरून टाकावं लागे. म्हणून बाई एकाच आजाराचे पेशंट एका दिवशी गोळा करत. आम्ही सगळे बाकावर रांगेने बसलो होतो, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि कुणीतरी बर्फाच्या थर्मासमधून ती इवलीशी बाटली आणली. सुया बारीक होत्या. पापण्यांना मुंगी चावल्यासारखं झालं, भुवयांच्या मध्ये जरा जास्त झोंबलं. आठी घाला, बाई म्हणाल्या. मी घातली. त्या घडीच्या बुडाशी त्यांनी सुई घातली.

काही तास आडवं व्हायचं नाही आणि चोळायचं नाही, असं बजावलं होतं. वापीपर्यंत गाडीत मी ताठ बसून आलो. डुलकी लागली की बायको कोपराने ढोसायची. समोरच्या सीटवरच्या म्हातारबांनी तिला विचारलं की यांना झोपू का देत नाही. "त्यासना डोकामा विष शे," ती म्हणाली. म्हातारबा पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेले.

तीन-चार दिवस काही झालं नाही, आणि मग एका सकाळी चहा घेताना लक्षात आलं की मी समोरच्या खिडकीकडे केव्हापासून बघतोय आणि डोळे उघडेच आहेत. फार आनंद झाला. मी उठून बाहेर गेलो आणि उगाचच कॉलनीची पाण्याची टाकी बघत उभा राहिलो. कपाळावर ओली पट्टी ठेवल्यासारखं जड वाटत होतं, तेवढंच. आठवडाभरात त्या दोन घड्याही पुसट झाल्या. मी आरशासमोर उभा राहून आठी घालून बघितली. कपाळ हललं नाही. बायको हसत सुटली. "आते कसा लगीनमधला दिखतस!" मीही हसलो. त्या हसण्यात मी एक गोष्ट साफ विसरलो, आणि ती विसरणारा मी एकटा नव्हतो. डॉक्टरीणबाईंना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. मॅनेजरना ठाऊक होती, माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला ठाऊक होती.

मी गल्लीत परत उभा राहिलो. सगळ्यांनी गाल, भुवया, ओठ जे काय हलवता येईल ते हलवून माझं स्वागत केलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, सकाळच्या शिफ्टला, एका रोलरवर धागा लपेटला. मशीन बंद झालं. माझ्याच तालुक्यातला एक ऑपरेटर, बराच जुना माणूस, आत वाकला आणि आकडीच्या सुरीने धागा कापू लागला. टोकाच्या माणसाने माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. मी आठी घातली. मनापासून घातली, तशी रोजच घालत आलो होतो. त्याला दिसलं एक स्वच्छ कपाळ. त्याने बटण दाबलं.

मी ओरडलो, हातातली बॉबिन टाकून धावलो. त्या जुन्या ऑपरेटरने मशीनची पहिली थरथर ओळखून हात ओढला म्हणून हात राहिला. दोन बोटांची कातडी सोलून निघाली आणि सुरी आत अडकून वाकडी झाली. तो बोटं तोंडात धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या भुवया उचललेल्या होत्या, म्हणजे तो विचारत होता. मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर द्यायची माझी जागाच बंद होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या औषधाची खरी भीती वाटली.

त्यानंतर आम्ही नवी खूण ठरवली. थांब म्हणायचं असेल तर मी उजवा हात वर करायचा, हातात काही धरायचं नाही. चहाच्या टपरीवर सगळ्यांना जमवून मी तिन्ही भाषांत सांगितलं की कपाळाकडे बघू नका, हाताकडे बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत गेल्यावर प्रत्येकाची नजर आधी कपाळावर आणि मग हातावर. मधला तो क्षण मला दिसायचा. बटणावरचं बोट त्या क्षणात अर्धं खाली गेलेलं असायचं. इतक्या वर्षांची नजर सांगून वळत नाही.

मॅनेजरनीच मग मला बाजूला घेतलं. "डोळा आव्या तो कपाळ गयुं," ते म्हणाले. चिडले नव्हते, हैराण झाले होते. दिवाळीपर्यंत मी पॅकिंगला जावं, तोवर जागा माझ्या नावावर. दिवाळीपर्यंत औषध उतरेल. मग डॉक्टरांना विचारून असं काहीतरी करून यावं की डोळेही उघडे राहतील आणि कपाळही चालेल. नाही जमलं तर त्यांना दुसरा माणूस उभा करावा लागेल. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पॅकिंगमध्ये शांतता होती. खोक्यांत बॉबिन भरायच्या, पट्ट्या लावायच्या. बायका गप्पा मारत काम करायच्या आणि मला त्या ऐकू यायच्या. संध्याकाळी मी वेळेवर घरी येई. त्याच सुमारास केव्हातरी मुलगी बाहेरच्या खोलीत येऊन बसायला लागली.

आधी ती नेहमीसारखी दारात थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाण्याऐवजी समोर येऊन बसली. मी पेपर वाचत होतो. काही वेळाने तिने विचारलं, "पप्पा, तमे... तुम्ही आज बरे आहात ना?" मी म्हटलं, रोजच बरा असतो. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या गणिताच्या सरांची नक्कल करून दाखवली. मग रोज काही ना काही. कोण कोणाशी कट्टी आहे, कुणाच्या वेणीला च्युइंगम लागलं, तिला स्वतःला काय येतं आणि काय येत नाही. बोलताना ती मराठीत सुरू करी, मधे गुजरातीत जाई आणि हिंदीत संपवी. अबोल? या पोरीचं तोंड बंद करायला कुलूप लागलं असतं. एवढं सगळं इतकी वर्षं कुठे साठवून ठेवलं होतं, असं मी बायकोला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुम्हीच दार लावून बसायचे. कपाळाला आठी दिसली की ती आत यायची, म्हणायची, पप्पा आज पण रागावलेत."

आज पण. मी हात धुतले आणि जेवायला बसलो. मला वाईट वाटलं, सरळ सांगायचं तर फार वाईट वाटलं. शेडमध्ये थांब म्हणून घातलेली ती घडी मी अंगावरच्या कपड्यांसारखी घरी घेऊन येत होतो, आणि एक माणूस दारात उभं राहून रोज ती वाचत होतं. वाचणाऱ्याची काही चूक नव्हती. कारखान्यात सगळे तशीच वाचत होते.

दिवाळी जवळ आली. डोळे पुन्हा मधूनमधून आवळायला लागले, म्हणजे औषध उतरत होतं. मी खूश होतो, मुंबईची तारीख घेऊन ठेवली होती. फोनवर डॉक्टरीणबाईंना सगळी हकिकत सांगितली होती आणि त्या म्हणाल्या होत्या की करता येईल. पापण्यांभोवती टोचायचं, भुवयांच्या मधली जागा सोडायची. डोळ्यांना थोडा कमी आराम पडेल, पण काम भागेल, आणि आठी तुमची तुम्हाला. मॅनेजरना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गल्ली परत माझी होणार होती.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी सहलीहून आली. चपला एकीकडे, पिशवी एकीकडे टाकून ती सरळ माझ्यासमोर बसली.

"पप्पा, ऐका ना. वासोण्याच्या पुढे बस बंद पडली. आम्ही सगळ्या खाली उतरलो. मोठ्या बाई तेवढ्या आतच, पुढच्या सीटवर, झोपलेल्या. आणि एक बकरी बसमध्ये चढली! ती गेली, गेली, आणि मोठ्या बाईंच्या मागे जाऊन..."

ती थांबली. माझ्या डोळ्यांकडे नाही, त्यांच्या जरा वर बघत होती. माझे डोळे दिव्याच्या उजेडाने आवळायला बघत होते आणि तिचं नीट ऐकायचं म्हणून मी ते जोर लावून उघडे ठेवत होतो.

"मग?" मी म्हटलं. "बकरीचं काय झालं?"

"काही नाही. असंच."

"अगं, मी रागावलो नाहीये. हे कपाळ तसंच दिसतं. सांग की."

"हो," ती म्हणाली. तिने मान डोलावली, पिशवी उचलली आणि ती आत गेली. आतून आईशी बोलण्याचा आवाज आला, मग दोघींचं हसणं आलं. आरशात बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. दोन घड्या होत्या. पुसट, पण होत्या.

सांगून काय होणार होतं? शेडमध्येही मी तिन्ही भाषांत सांगितलंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर पुन्हा आम्ही सगळे डोळे मिटून रांगेत. माझा नंबर आला. बाईंनी विचारलं, गेल्या वेळी औषधाचा काही त्रास झाला का. "मला नाही," मी म्हटलं. त्यांनी पापण्यांभोवती सुया दिल्या, कापूस लावला, आणि बाटली बाजूला ठेवायला लागल्या.

"मधली जागा सोडायची ठरलंय ना?" त्या म्हणाल्या.

गल्ली डोळ्यांसमोर आली. तिथला उजेड, दोन्ही बाजूंनी पळणारे धागे, आणि माझ्या तोंडाकडे बघत ताटकळलेली ती सगळी माणसं. त्या जागेवर मी जसा उभा राहिलो तसा आयुष्यात दुसरीकडे कुठे राहिलो नाही.

"नको," मी म्हटलं. "मध्येही द्या."

"पण तुमचं काम? आणि डोळ्यांना त्याशिवायही चालणार आहे. मग हे नुसतं घड्यांसाठी होईल."

"हो," मी म्हटलं. "नुसतं घड्यांसाठी."

त्यांना माझं आधीचं हसणं आठवलं असावं. त्यांनी पुन्हा सुई उचलली. आठी घाला, म्हणाल्या, आणि मी घातली.

दिवाळीनंतर गल्लीत दुसरा माणूस उभा राहिला. त्याची आठी बरी होती. मी शेवटपर्यंत पॅकिंगमध्ये राहिलो आणि पुढे काही वर्षं, मुलगी घरात होती तोवर, वर्षातून तीन-चारदा मुंबईला जाऊन डोळ्यांबरोबर मधल्या जागेतही टोचून घेत आलो.

त्या इंजेक्शननंतर आठवड्याभराने मुलगी दारात आली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि समोर येऊन बसली. मी पेपर खाली ठेवला.

"त्या बकरीचं राहिलं होतं," मी म्हटलं.

"कुठली बकरी?" मग तिला आठवलं आणि सांगायच्या आधीच तिला हसू फुटलं. "ती ना, मोठ्या बाईंचा गजरा खाऊन गेली. सगळा. बाई उठल्याच नाहीत."

एवढंच झालं होतं.